मारुती ८००: ब्रेकची एअर आणि न संपणारे बुडबुडे

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

गाडी १९९५ ची, कार्ब्युरेटरवाली, चार गिअर. पुढे डिस्क, मागे ड्रम. बूस्टर (पायाच्या दाबाला जोर देणारा) नाही, त्यामुळे पायाला जे जाणवतं ते थेट ऑइलचं. पुढच्या वर्षी पासिंग आहे. त्याआधी इंजिनपेक्षा ब्रेकचं काम उरकायचं असं ठरवलं, कारण न चालणारी गाडी शेडमध्ये उभी राहते, न थांबणारी मात्र कुठेही जाते.

दिवाळीआधी झालेली कामं: पुढच्या दोन्ही कॅलिपरना (डिस्कला दोन्हीकडून पॅड दाबणारे) नवं किट, मागचे व्हील सिलिंडर (ड्रममधले शू ढकलणारे) नवे, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा) नवा, सगळे रबरी होज नवे. ड्रम लेथवर फिरवून घेतले, लायनर नवे. मागे जाणारा बंडी पाइप (ब्रेक ऑइलचा बारीक लोखंडी पाइप) मधेच गंजून पाझरत होता. तो कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पाइपवाल्याकडे दिला. त्याच्या माणसाने सडलेला भाग कापून, जोड घालून, शेडवर येऊन बसवून दिला. मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी शेगड्यात (बाकावरच्या व्हाइसमध्ये) धरून, दोन्ही तोंडांना नळ्या लावून आणि त्या परत ब्रेक ऑइलच्या टाकीत बुडवून, स्क्रू-ड्रायव्हरने पिस्टन हळूहळू दाबत एअर काढली होती. नव्या मास्टर सिलिंडरला हे करावंच लागतं. एकदा तो गाडीवर किंचित तिरका बसला की आतली हवा वरच्या टोकाला दडते आणि चाकाकडून कितीही काढा, हलत नाही.

आज पहिलं ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा बाहेर काढणं. एकटाच होतो, म्हणून निप्पलला (चाकाजवळचा हवा काढायचा पोकळ स्क्रू) फिश टँकची पारदर्शक नळी, तिच्या दुसऱ्या टोकाला मोठी सिरिंज, आणि ओढायचं. लांबचं चाक आधी: मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. ऑइल डॉट ४ (ब्रेक ऑइलची प्रत), सीलबंद बाटली.

चारही चाकांना बुडबुडे. आधी मोठे, मग बारीक, मग बारीकच. टाकीतली पातळी एकदाही अर्ध्याखाली जाऊ दिली नाही. एक अख्खी बाटली ओढली तरी नळीत मोत्यांची माळ चालूच. पेडल पहिल्या दाबाला खाली जातंय, दुसऱ्या पंपाला वर येतंय. संध्याकाळी लाकडी पट्टी लावून मोजलं: पहिल्या दाबाला पेडल मॅटपासून साडेतीन सेंमीवर टेकतं, दोनदा पंप मारल्यावर सातवर. हे आकडे दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवले. ‘आज जरा बरं वाटतंय’ या भरवशावर ब्रेकचं काम करायचं नसतं.

रविवार, १० नोव्हेंबर

पुतणी आली, पेडल तिच्याकडे दिलं. शब्द आधीच ठरवून घेतले. मी ‘दाब’ म्हटलं की तिने दाबायचं आणि ‘धरलं’ म्हणायचं. मग मी निप्पल पाव फेरी उघडणार, ऑइल सुटणार, पेडल खाली जाईल, तरी तिने पाय उचलायचा नाही. निप्पल बंद झाल्यावर मी ‘उचल’ म्हणेन तेव्हाच. ‘सोड’ हा शब्द वापरायचा नाही, कारण गाडीखालच्याला तो पान्याबद्दल वाटतो आणि वरच्याला पायाबद्दल.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता, म्हणजे ते तळाला जाणार नाही. मास्टर सिलिंडर नवा आहे, इथे तितकी गरज नव्हती. पण जुन्या सिलिंडरवर हे विसरू नये. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जातो तेवढाच भाग गुळगुळीत असतो, त्यापुढे गंज आणि गाळ. ब्लीडिंगच्या नादात पेडल तळापर्यंत दाबलं की रबरी कप त्या खरखरीत भागावरून घासतात, फाटतात, आणि ब्लीडिंग करायच्या आधी चालणारे ब्रेक नंतर चालेनासे होतात.

पेडल सावकाश दाबायला लावलं. भराभर पंप मारले की ऑइल घुसळतं, मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर बारीक होतात आणि ते ऑइलबरोबर तरंगत राहतात. मोठा बुडबुडा काढणं सोपं, बारीक काढणं जिकिरीचं.

पायाने काढताना मागच्या चाकांना थोड्याच वेळात स्वच्छ ऑइल आलं, बुडबुडा नाही. पुढेही तेच. काल सिरिंजने अखंड बुडबुडे आणि आज पायाने काहीच नाही. पण पेडल? पट्टी लावली: साडेतीन.

कॅलिपर उलटसुलट बसलेत का तेही बघून घेतलं. डावं-उजवं अदलाबदल झाली तर निप्पल खालच्या बाजूला येतं आणि हवा कॅलिपरच्या वरच्या पोटात बसून राहते. हा प्रकार इतका वारंवार होतो की आधी तेच बघायचं. इथे दोन्ही निप्पल वर आहेत. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर नवे, ओल नाही. जोड कुठेही पाझरत नाहीत. टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवला, कोरडा निघाला.

पुतणीने जाताना विचारलं, “काका, हवा नाहीच असं असेल तर?” प्रश्न वाजवी आहे. पण दोन पंपांत पेडल वर येतं, त्याचं काहीतरी कारण असणारच.

बुधवार, १३ नोव्हेंबर, रात्री

कामावरून येताना गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मिस्त्रींना गाठलं. पद्मिनीपासून आजपर्यंतच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात. म्हणाले, “हवा हाय म्हंजे हाय. पेडल दाबून दांडकं लावा, रातभर ऱ्हाऊ द्या. सकाळी टाकीचं झाकण उघडून बघा.”

हा उपाय गॅरेजमध्ये सगळे सांगतात आणि काही वेळा तो लागूही पडतो. पण त्यामागचं जे कारण सांगतात ते पटत नाही. ‘दाबून ठेवल्यावर बुडबुडे रात्रभर वर चढत टाकीत जातात’ म्हणे. पेडल दाबलेलं असताना पिस्टनचा कप टाकीकडच्या बारीक भोकाच्या पुढे गेलेला असतो, म्हणजे टाकीचा रस्ताच बंद. हवा टाकीत जाणार कुठून? मला वाटतं, होतं ते असं: दाबाखाली बुडबुडे लहान होतात, काही हवा ऑइलमध्ये विरघळते, बारीक बुडबुडे पाइपच्या भिंतीपासून सुटतात आणि मोठ्यांना मिळतात. सकाळी पेडल सोडलं की जे मास्टर सिलिंडरजवळ जमलेलं असेल ते टाकीत जातं. म्हणजे हवा जर वरच्या बाजूला, मास्टर सिलिंडरच्या आसपास असेल तरच फायदा.

तरी लावलं. सीट आणि पेडल यांच्यामध्ये खराट्याचा दांडा. एक गोष्ट मिस्त्रींनी सांगितली नव्हती: पेडल दाबलेलं म्हणजे ब्रेक लाइट रात्रभर पेटणार आणि सकाळी बॅटरी मेलेली. बॅटरीचं टर्मिनल काढलं, मग झोपलो.

(सकाळी: पेडल चार सेंमीवर. ऑफिसला जाण्याआधी पुन्हा दाबून बघितलं, चारच. संध्याकाळी पुन्हा साडेतीन. थोडी हवा विरघळली आणि थोड्या वेळाने परत बाहेर आली, एवढंच.)

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज फक्त एका प्रश्नाच्या मागे: सिरिंज लावली की बुडबुडे येतात आणि पायाने काढलं की येत नाहीत, हे कसं?

निप्पलची रचना बघितली की उत्तर दिसतं. निप्पल बंद असतं तेव्हा त्याचं शंकूसारखं टोक आत बसून ऑइल अडवतं. अडवण्याचं सगळं काम त्या टोकाचं. चुड्या (स्क्रूचे आटे) काहीच अडवत नाहीत, त्या नुसत्या धरून ठेवतात. पाव फेरी उघडलं की ऑइल टोकाला वळसा घालून निप्पलच्या पोटातल्या भोकात शिरतं, आणि त्याच वेळी चुड्यांमधली फट बाहेरच्या हवेला मोकळी होते. पायाने काढताना आत दाब जास्त असतो, म्हणून चुड्यांतून थोडं ऑइल बाहेर पाझरतं, हवा आत येत नाही. सिरिंजने ओढताना उलटं होतं. नळीत पोकळी असते, म्हणून बाहेरची हवा चुड्यांमधून आत येते आणि थेट आपल्या नळीत दिसते. ती हवा गाडीच्या ब्रेकमध्ये कधी गेलेलीच नसते.

ताडून बघितलं. पुढच्या उजव्या निप्पलच्या बाहेरच्या काठाला रबर ग्रीसचं जाडसर कडं लावलं आणि सिरिंज ओढली. बुडबुडे जवळजवळ थांबले. ग्रीस पुसलं, पुन्हा ओढलं, माळ परत सुरू. मागच्या डाव्याला तेच.

ग्रीसबद्दल एक सूचना. साधं पिवळं बेअरिंग ग्रीस किंवा इंजिन ऑइल ब्रेकच्या आसपास आणायचं नाही. ब्रेकमधली रबरं पेट्रोलियमच्या तेलाने फुगतात, मऊ पडतात. फुगलेल्या कपामुळे मास्टर सिलिंडरचं बारीक भोक झाकलं जातं आणि मग ब्रेक सुटतच नाहीत. लाल रबर ग्रीस एरंडेलाच्या जातीचं, ते चालतं. काही जण चुड्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळतात. तीही चालते, पण टोकापासून दोन-तीन चुड्या सोडून, नाहीतर तिची चिंधी आत जाऊन अडकते.

म्हणजे इतके दिवस जे डोळ्यांसमोर होतं ते या गाडीचं दुखणंच नव्हतं. बुडबुडे एक आणि खाली जाणारं पेडल दुसरं. एकाच वेळी दिसले म्हणून जोडीचे वाटले. आजपासून नळीकडे बघायचं नाही, पट्टीकडे बघायचं. पट्टीवर अजून साडेतीन.

एकट्याने काढायचं असेल तर सिरिंजपेक्षा हे बरं: नळी निप्पलपासून आधी वर न्यायची, एक वळसा देऊन मग खाली बाटलीत, टोक ऑइलमध्ये बुडलेलं. बुडबुडा वळशाच्या वर चढतो, आणि पेडल सुटताना मागे ओढलं गेलंच तर नळीतलं स्वच्छ ऑइल ओढलं जातं.

रविवार, १७ नोव्हेंबर

पेडल खाली जाण्याची कारणं हवेशिवायही असतात. सर्वांत सोपी चाचणी फुकटची आहे: हँडब्रेक पूर्ण ओढायचा आणि पेडल दाबायचं.

ओढला. पेडल साडेतीनवरून एकदम पावणेसहावर. हँडब्रेक मागच्या ब्रेक-शूना (लायनर लावलेले, ड्रमला आतून टेकणारे कमानदार तुकडे) यांत्रिकपणे ड्रमजवळ आणतो, त्याचा ऑइलशी संबंध नाही. तो ओढल्यावर पेडल वर आलं, म्हणजे मागचे शू ड्रमपासून फार लांब आहेत आणि पेडलचा बराचसा प्रवास नुसता त्यांना ड्रमपर्यंत नेण्यात जातोय. दुसऱ्या पंपाला पेडल वर येण्याचं एक कारण इथेच मिळालं. पहिल्या दाबाने शू पुढे आले, ते पूर्ण मागे जाण्याआधी दुसरा दाब पडला.

ड्रम उघडले. लेथवर फिरवल्यामुळे ड्रमचा व्यास वाढलाय आणि नवे लायनर मूळ मापाच्या गोलाईचे आहेत. शूवर खडू चोळून ड्रम फिरवून बघितला तर घासल्याची खूण फक्त मध्यभागी, दोन्ही टोकं कोरी. अशा शूला दाब मिळाला की तो आधी मध्यभागी टेकतो, मग थोडा वाकून बाकीचा टेकायला बघतो. हे वाकणं पायाला अगदी हवेसारखंच स्पंजी लागतं. कितीही ब्लीडिंग केलं तरी जाणार नाही, कारण ते ऑइलमध्ये नाहीच. लायनरच्या मधला उंचवटा पट्टा-पेपरवर घासून खडूची खूण दोन्ही टोकांकडे सरकेपर्यंत आणला. तोंडाला ओलं फडकं, खाली ओली पोती. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं घासू नये आणि हवेच्या पाइपने उडवूही नये. नवे लायनर असले तरी ही सवय ठेवायची.

शू ड्रमला किंचित घासतील इतके जवळ आणले, मग अर्धा दात मागे. पट्टी: पहिला दाब साडेपाच.

बरंच मिळालं, पण पोत अजून मऊ. साडेपाचवर पेडल टेकतं खरं, पण टेकल्यावर पाय अजून थोडा आत जातो आणि सोडल्यावर पेडल ढकलल्यासारखं वर येतं. सैल शू असे परत ढकलत नाहीत. आत काहीतरी दाबलं जातंय आणि परत फुलतंय.

एकदा कागदावर हिशोब मांडला. समजा मास्टर सिलिंडरचा बोअर १९ मिमी. त्याचं क्षेत्रफळ साधारण २.८ चौ. सेंमी. पाइपमध्ये १ सीसी हवा असेल तर ३० बार दाबाला ती एकतिसाव्या हिश्शावर येते, म्हणजे जवळजवळ सगळी जागा मोकळी होते. ती भरायला पिस्टन ३.५ मिमी पुढे जाणार. पेडलची पट (पायाचा प्रवास पिस्टनच्या किती पट) ४.५ धरली तर पायाखाली दीड सेंमी. एक सीसी म्हणजे किती? चहाच्या चमच्याचा पाचवा भाग.

बुधवारी मतदानाची सुट्टी आहे. उद्या लेथवाल्याकडे बुचं टाकतो: पाइपच्या नटाच्या मापाची, एक टोक फ्लेअर केलेला (कर्ण्यासारखं पसरवलेला) आखूड तुकडा, दुसरं टोक चेपून ब्रेझिंग केलेलं. सुट्टीच्या दिवशी लेथ बंद असणार.

बुधवार, २० नोव्हेंबर (मतदानाची सुट्टी)

सकाळी लवकर मत देऊन आलो, दहाला शेडमध्ये. पुतणीलाही सुट्टी, पण तिचं बोट शाईचं नाही अजून.

आधी कारंज्याची चाचणी. टाकीचं झाकण काढलं, भोवती जाड फडकी, डोळ्यांना चष्मा. पेडल वीसेकदा भराभर पंप करायला लावलं, शेवटी दाबून धरायला लावलं आणि मग एकदम सोडायला सांगितलं. टाकीतून ऑइल बोटभर उंच उसळलं. पाइपमध्ये फक्त ऑइल असतं तर पृष्ठभागावर किरकोळ हालचाल होऊन संपलं असतं. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी फुलते आणि ऑइल मागे फेकते. म्हणजे खरी हवा आहे, आणि थोडीथोडकी नाही. हे ऑइल रंगावर पडलं तर रंग उचलला जातो, म्हणून फेंडरवर आधीच ओलं फडकं. पडलेल्या थेंबावर लगेच पाणी टाकायचं. ग्लायकॉलचं ऑइल पाण्यात मिसळून धुतलं जातं.

आता ती हवा कुठे? चिमट्यांची पाळी. सगळ्या रबरी होजना व्हाइस ग्रिप लावले, जबड्यांवर जुन्या बागेच्या पाइपचे तुकडे चढवून, म्हणजे होजला दात लागणार नाहीत. तडे गेलेल्या जुन्या होजवर हे करू नये, आतला थर फुटून झडपेसारखा अडकतो. आपले नवे आहेत. होज बंद म्हणजे कॅलिपर, व्हील सिलिंडर, ड्रम, लायनर सगळं खेळाबाहेर. उरला मास्टर सिलिंडर आणि लोखंडी पाइप.

पेडल दाबलं. दगडासारखं लागायला हवं होतं. मऊच.

हा दिवसातला सगळ्यात मोलाचा निकाल. चारही चाकांवर जे काही केलं, जे काही करता आलं असतं, ते सगळं एका दाबात बाजूला पडलं. हवा होजच्या अलीकडे आहे.

पुढे शंकेची जागा अर्ध्यात कापत जायचं. मास्टर सिलिंडरची सगळी तोंडं सोडवून बुचं लावली, बुचांपाशी थोडी एअर काढली. पेडल: खिळा. पुतणी म्हणाली, “काका, हे हलतच नाहीये.” म्हणजे मास्टर सिलिंडर निर्दोष, त्याचे कप निर्दोष, आधी शेगड्यात काढलेली एअर नीट निघालेली. मग एक सर्किट (मास्टर सिलिंडरमधून निघणारी ऑइलची एक स्वतंत्र वाट) जोडलं, दुसरं बुच लावून ठेवलं, होजवर चिमटे तसेच. पेडल कडक. ते बंद करून दुसरं जोडलं. मऊ.

आता उरला एक लोखंडी पाइप आणि त्याच्यावरचा जोड. गाडी मागून उचलून चार स्टँडवर घेतली, खाली झोपलो, टॉर्च घेऊन इंजिनपासून बोट पाइपवर ठेवत मागे मागे गेलो. ड्रायव्हरच्या सीटखाली, फ्लोअरच्या खोबणीत, पाइपवाल्याने घातलेला जोड. साधा दुतोंडी जोड असेल असं धरून चाललो होतो. पितळी टी निघाली, तीन तोंडांची. दोन तोंडांत पाइपची दोन टोकं, तिसऱ्यात तांब्याच्या वायसरसह बोल्ट. हाताशी टी असेल, तीच घातली. गळत नाही, दाब धरते, काम पक्कं. फक्त तिसरं तोंड वर करून बसवलंय.

टीमधून ऑइल एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने जातं. वरच्या तोंडात प्रवाहच नाही. बोल्ट आखूड, त्यामुळे त्याच्या खाली पोकळी. पाइप कोरडा असताना तिथे जी हवा होती ती ऑइल भरताना तिथेच कोंडली गेली. खालून लिटरभर ऑइल वाहून गेलं तरी ती हलणार नव्हती, कारण हवेला वर जायचं असतं आणि ती आधीच सगळ्यात वर होती. सरळ पाइपमधला बुडबुडा ऑइलच्या लोटाबरोबर वाहून जातो. बंद खोपच्यातला जात नाही. दांडा लावून पेडल अर्धा सेंमी का सुधारलं आणि परत का बिघडलं तेही यात बसतं. दाबाखाली त्या हवेतली थोडी विरघळली, दाब गेल्यावर परत सुटली.

पुतणीला पेडल हलकं धरायला सांगितलं, बोल्टभोवती फडकं, अर्धी फेरी. फुस्स करून फेस आला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. मग फेस आणि ऑइल, मग नुसतं ऑइल. धरलेलं असतानाच बोल्ट घट्ट. दोनदा अजून, दोन्ही वेळा स्वच्छ.

चिमटे लावलेलेच होते. पेडल: खिळा.

चिमटे काढले, चारही चाकांना पायाने एकेक फेरी एअर काढली. पट्टी: पहिला दाब सात, दुसरा दाबही सातच. वर ढकलणं गेलं. कारंज्याची चाचणी पुन्हा घेतली, टाकीत नुसता तरंग.

शनिवार, २३ नोव्हेंबर

टी ठेवायची नाही. हवा निघाली हे खरं, पण पुढच्या वेळी ऑइल बदलताना टाकी चुकून रिकामी झाली तर हाच खेळ परत. आणि फ्लोअरखाली चिखल-पाण्यात जितके जोड कमी तितकं बरं. ‘टी फिरवून बोल्ट खाली करा’ असं मिस्त्री म्हणाले. तेही चाललं असतं, हवा वर जाऊन वाहत्या ऑइलबरोबर निघाली असती, पण खालच्या खोपच्यात पाणी आणि गाळ साठला असता.

पुढून मागेपर्यंत एकसंध पाइप करून घेतला, स्टीलचा, ४.७५ मिमी, दोन्ही टोकांना डबल फ्लेअर. पाइपवाल्याकडेच करवला, त्याला टी दाखवली, बोल्टखालची पोकळी दाखवली. तो म्हणाला, “सर, दाब तर धरतीय की.” बरोबर आहे, गळतीचं काम त्याने चोख केलं होतं. कोणी फ्रिजची तांब्याची नळी वापरायचा सल्ला दिला तर ऐकू नये. शुद्ध तांबं थरथरीने कडक होतं, फ्लेअरच्या मुळाशी चिरतं. एकच उभा वळसा पूर्वी इंजिनजवळ होता, तो आडवा करून घेतला, म्हणजे त्याच्या माथ्यावर काही अडकणार नाही.

निकालाच्या फटाक्यांमुळे शेडमध्ये एकमेकांचं ऐकू येईना. ‘दाब-धरलं-उचल’ हाताच्या खुणांवर. पायाने, सावकाश, लांबचं चाक आधी. पट्टी: सात आणि थोडं वर.

ऑइलबद्दल. उघडी ठेवलेली आधीची बाटली वापरली नाही. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल वाढली की उकळण्याचा बिंदू खाली येतो. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, ओलं झाल्यावर १४०; डॉट ४ कोरडं २३०, ओलं १५५. ‘ओलं’ म्हणजे ३.७ टक्के पाणी. घाट उतरताना कॅलिपर एवढा तापला तर आतलं पाणी वाफ होतं, आणि वाफही दबते, म्हणजे सगळं काम नीट असूनही पेडल घाटाच्या मध्यावर खाली जातं. डॉट ३ आणि ४ एकमेकांत मिसळले तरी चालतात. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही, आकडा मोठा म्हणून चांगलं असं समजायचं नाही. टाकीवर मार्करने तारीख लिहिली.

रविवार, १ डिसेंबर

आठवडाभर गल्लीत आणि रंकाळ्याच्या बाजूच्या रस्त्याने हळू चालवली, पॅड आणि लायनर बसावेत म्हणून. आज जोतिबाचा डोंगर. चढताना काही नाही. उतरताना दुसरा गिअर, ब्रेक थांबून थांबून, आणि दोन ठिकाणी मागे कोणी नाही बघून मुद्दाम कडक दाबला. पायथ्याशी गाडी उभी करून लगेच पेडल तपासलं, पट्टीवर सातच. पुढच्या डिस्कजवळ हात नेला, चांगलीच धग. मागचे ड्रम कोमट, म्हणजे मागे फार कमी काम होतंय किंवा लायनर अजून पूर्ण टेकत नाहीत. महिन्याभराने पुन्हा उघडून खडू लावायचा.

कडक दाबल्यावर किंचित डावीकडे ओढ आहे. उजव्या कॅलिपरच्या पिना काढून बघायच्या, ग्रीस कोरडं पडलं असेल तर कॅलिपर सरकत नाही आणि एकच पॅड काम करतं. टायरची हवा आधी बघायची, ते पाच मिनिटांचं काम.

हँडब्रेक पाचव्या टिकटिकीला धरतो. केबल बदलायची गरज वाटत नाही, पण पासिंगच्या आधी उतारावर एकदा बघू. पुढच्या शनिवारी सायलेन्सर.